पाऱ्याची पेटी

६ जानेवारी १९५७

साक्षरता वर्गाचे धोंडूमास्तर म्हणतात, रोज एक ओळ लिहा, नाहीतर अक्षरं विसराल. रोज लिहावं असं आमच्याकडे घडतं काय? घडेल तेव्हा लिहीन. वही मात्र झकास आहे. आमच्या डॉक्टरीणबाईंना औषधकंपनीकडून तीन डायऱ्या आल्या, त्यातली एक मला दिली. पानाखाली ताकदीच्या औषधाची जाहिरात आणि एक गुबगुबीत बाई हसते आहे. तिला काय झालंय हसायला.

मी जाईबाई. राहणार लालबाग, दुसरा मजला. दादरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात चौदा वर्षं आया आहे. तिथे मी बाळंतिणींची भांडी उचलते आणि चाळीत येऊन बायांची बाळंतपणं करते. दोन्हीकडे हात तेच, तिथे फक्त गप्प राहायचं असतं.

नात चंपा माझ्याजवळच असते. तिची आई, म्हणजे माझी राधा, दुसऱ्या बाळंतपणात गेली. तिच्या अंगात आलं आणि तिला घेऊन गेलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. चंपा तेव्हा चार वर्षांची होती. आता एकोणीस पुरी आहे, मिलमध्ये वाइंडिंगला बदली कामगार आहे, रोज दारात उभं राहून काम मिळवते, आणि सहावा महिना लागलाय.

१४ जानेवारी

संक्रांत. डिसेंबरात आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली, देव खोलीबाहेर गेले, त्यांच्या मागोमाग सणही गेले. पण नलूताईंनी तिळगूळ दिला तो खाल्ला. नलूताई म्हणजे हिंदू कॉलनीतल्या, आमच्याकडे तपासून घ्यायला येतात. मालक शरच्चंद्र, सचिवालयात हेडक्लार्क. नलूताईंनाही सहावा. मला ‘अहो जाईबाई’ म्हणतात. त्यांच्या सासूबाई मात्र पाणी दुसऱ्या आयेकडून मागवतात.

आज डॉक्टरीणबाईंनी पेटी काढली. लाकडी पेटी आहे, झाकण उघडलं की आत काचेची नळी उभी राहते आणि नळीत पारा. दंडाला फडकं गुंडाळायचं, रबराचा फुगा दाबायचा, पारा सरसर वर जातो. मग बाई कानात नळ्या घालून ऐकतात आणि रक्ताचा दाब सांगतात. चौदा वर्षं ती पेटी मी पुसते, तरी पारा चढायला लागला की अजून माझा हात थांबतो. नलूताईंची लघवी काचेच्या नळीत घालून दिव्यावर धरली, तर ती नासक्या दुधासारखी फाटली. बाईच्या पोटातलं बाईला कळायच्या आधी काचेला कळतं. हे कोणी शोधलं असेल? त्याच्या आईने त्याला काय खायला घातलं असेल?

नलूताईंना दाब निघाला. मीठ बंद, जिने बंद, डाव्या कुशीवर निजायचं. बाईंनी चारदा बजावलं, “डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर त्याच क्षणी निघून या. वाट बघायची नाही.”

हे बसून खाणाऱ्या बायांचं दुखणं. चौदा वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या दंडावर ते फडकं बांधलं, त्या सगळ्या मोटारीतून नाहीतर व्हिक्टोरिया बग्गीतून उतरणाऱ्या. आमच्यातल्या एकीलाही ते झालेलं मी पाहिलं नाही. आमच्यात दाब वाढायला अंगात रक्त तरी हवं.

२७ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जाई, नातीचं नाव मोठ्या हॉस्पिटलात घालून ये. दर महिन्याला तपासतील.” मी हो म्हटलं आणि गेले नाही. नाव घालायचं म्हणजे सकाळी सहापासून रांगेत उभं राहायचं, त्या दिवशी चंपा मिलच्या दारात दिसली नाही की तिचा नंबर दुसरीला जातो. पोट दिसलं तरी जातो. ती लुगडं असं नेसते की मुकादमाला अजून कळलेलं नाही. आणि घरात सुईण असताना परक्या दारात कशाला जायचं? चाळीतल्या बाया म्हणतील, जाईबाईचा स्वतःच्या हातावर भरवसा उरला नाही.

१२ फेब्रुवारी

नलूताईंना प्रसूतिगृहातच ठेवून घेतलं. वेगळी खोली, पडदे ओढलेले. त्यांचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो.

घरी आले तर चंपा पाय पसरून बसली होती. तिच्याही पायांत खळगा पडतो. मी म्हटलं, आठ तास मिलच्या साच्यापुढे उभी राहतेस, सुजतील नाही तर काय. गरम पाण्यात मीठ घालून शेकले. नातजावई जगदीश म्हणाला, “आजी, एकदा दाखवून यायचं का?” तो मिलच्या विणखात्यात आहे, उरलेला वेळ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचारात. घसा बसलेला, हातात पत्रकांचा गठ्ठा. मी म्हटलं, तू तुझा महाराष्ट्र बघ, बाळंतपण मला कळतं.

१७ मार्च

समितीची माणसं निवडून आली म्हणून चाळीत पेढे वाटले. जगदीशला तर गगन ठेंगणं झालंय. गुरुवारी मोठी मिरवणूक आहे, तो पुढे झेंडा धरणार.

चंपाने पेढा खाल्ला नाही. डोकं दुखतं म्हणाली. मी कपाळाला सुंठ उगाळून लावली. थोड्या वेळाने म्हणाली, “आजी, भिंतीवर काजवे दिसतात गं.” मी म्हटलं, रिळांकडे बघून बघून डोळे दमलेत, मीट. तिने मिटले.

२१ मार्च

काल लिहिता आलं नाही. आज हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे.

काल सकाळी चंपा नळावर हंड्याच्या रांगेत उभी होती. उभ्या उभ्या पडली. मी धावले तर डोळे पांढरे, दातखीळ, हातपाय आपटतायत, तोंडाला फेस. बाया मागे सरल्या. ललिता, आमच्या शेजारची, ती म्हणाली, “अंगात आलंय. देव काढून टाकले ना, कोपलाय कोणीतरी. जाईबाई, लिंबं आणते, उतरून टाका.” आणि आणलीही. चार लिंबं आणि सुरी.

ती सुरी मी हातात घेतली, हे इथे खरं लिहिते. राधाच्या वेळी मी अशीच बसले होते, असाच फेस, अशीच दातखीळ. तेव्हा मी लिंबं कापली होती. पाच कापली. सहाव्याला राधा गेली.

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, “ललिते, देव आम्ही डिसेंबरात बाहेर काढलेत. आता हिच्या अंगात यायला उरलंय कोण? भिवाला हाक मार.”

भिवा भाजीवाला. त्याच्या हातगाडीवरची पालेभाजी त्याने एका हाताने रस्त्यावर लोटली, पोतं अंथरलं आणि चंपाला वर घातलं. एक टॅक्सीवाला फेस बघून पळाला होता. भिवा गाडी घेऊन धावला, मी कडेने तिचं डोकं धरून धावले. साठीला आलेली बाई अशी धावू शकते हे मला माहीत नव्हतं.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, नाव घातलंय का? कार्ड कुठाय? नावच घातलेलं नव्हतं. तेवढ्यात एक सिस्टर बाहेर आल्या, दुर्गा त्यांचं नाव. त्यांनी चंपाची पापणी उघडून पाहिली आणि गाडी तशीच आत घेतली, भाजीच्या देठांसकट.

मला वाटलं, आत मोठं यंत्र असेल. दाराच्या फटीतून पाहिलं, तर आत काय होतं? अंधार. खिडक्यांवर काळी घोंगडी. एक निळा दिवा, त्यालाही कापड बांधलेलं. चंपाच्या कानांत कापूस. दुर्गा सिस्टर बूट काढून अनवाणी चालत होत्या. डॉक्टर खुणेने बोलत होते. सुईसुद्धा त्यांनी अशी टोचली, जसं पाखराला दाणा टाकतायत.

सिस्टर बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, “आजी, ह्या दुखण्यात आवाज म्हणजे विष. दार आपटलं तरी झटका येतो. अजून चोवीस तास निभले तर मुलगी तुमची.”

जी पोर बारा माणसांच्या खोलीत जन्मली, खाली छापखाना, वर भजन, नळावर भांडण, आणि चौदा वर्षांची झाल्यापासून मिलच्या खडखडाटात, तिच्यासाठी एवढ्या शिकलेल्या माणसांनी बूट काढले होते. तिच्यासाठी आजवर कोणी गप्प बसलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तरण्या डॉक्टरांनी विचारलं, हिचा दाब कोणी मोजला होता का? मी म्हटलं, ती उभ्याने काम करणारी, तिला कसला दाब, हे तर बसून खाणाऱ्यांचं. दादरला चौदा वर्षांत मी तेच बघितलंय. ते चिडले नाहीत. म्हणाले, “आजी, दादरला ज्यांचा मोजला त्यांचाच तुम्हाला कळला.”

हे इथे लिहून ठेवते. अजून नीट गिळता येत नाही.

काल संध्याकाळी पोर झालं. मुलगी. श्वास नव्हता. मी बघितलं, नाक चंपाचं होतं. चंपाला माहीत नाही, ती औषधाच्या झोपेत आहे.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

हे लगेच लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी चारला लांबून ढोल ऐकू आले. मला आठवलं, गुरुवार. मिरवणूक. आणि ती ह्याच रस्त्याने येते. दुर्गा सिस्टर दारात आल्या. त्यांचा चेहरा बघून मी काही विचारलं नाही. सकाळी ट्रॉलीचं चाक वाजलं तेवढ्याने चंपाला एक झटका येऊन गेला होता.

मी फाटकाबाहेर गेले. बया, माणसं कसली, समुद्रच तो. परळच्या नाक्यापासून दिसेल तिथवर डोकी, गुलाल, झेंडे, लेझीम, बँड, पुढे लॉरीवर कर्णा. घोषणेने जमीन हलत होती. ह्या माणसांना मी चांगली ओळखते. पाण्याच्या एका हंड्यासाठी ही डोकी फोडतात. माझं कोण ऐकणार? तरी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्ही हात वर केले. ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही.

पुढे झेंडा धरून जगदीश होता. त्याला तोवर एवढंच माहीत होतं की बायकोला हॉस्पिटलात ठेवलंय आणि आजी बघते आहे. कालपासून तो मिरवणुकीच्या तयारीत समितीच्या कचेरीतच होता; निरोप मीच तसा पाठवला होता, खोटा नाही, अर्धा. त्याला मी दिसले. अंगावर गुलाल, तोंड हसरं, आणि मग हसणं गेलं. तो जवळ येईतो थांबायला वेळ नव्हता. तेव्हा मी मिलवाल्यांसारखं बोलले. खात्यात साच्यांपुढे, त्या यंत्रांच्या खडखडाटात, कोणाला काही ऐकू येत नाही, तिथे ओठांनी आणि हातांनी बोलतात. चंपा आणि तो घरातही तसंच बोलून मला चिडवतात, म्हणून मला येतं. मी ओठ मोठे करून म्हटलं, चंपा आत. आवाज झाला तर मरेल. आणि तळहात खाली दाबला, साचा बंद करायची खूण.

जगदीशने झेंडा शेजाऱ्याच्या हातात दिला. मागे वळला आणि दोन्ही हात वर करून तीच खूण केली. साचा बंद.

मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यामागच्या रांगेने हात वर केले, तळहात खाली. त्याच्या मागच्यांनी. त्याच्या मागच्यांनी. तोंडाने कोणी ‘गप्प’ म्हटलं नाही, म्हणून गोंगाट उठला नाही. शेतातून वारा जावा तसे ते हात मागे मागे गेले, माझी नजर पोचत नाही तिथवर. लॉरीवरचा कर्णा बंद झाला. ढोलवाल्याने ढोल पोटाशी धरला. बँडवाला झांजा दोन्ही हातांनी छातीशी आवळून चालला होता, जसं काही तान्हं पोर. लेझीम अंगाला लावून पोरी निघाल्या. आत कोण आहे, कोणाची आहे, कुठल्या जातीची, कोणी विचारलं नाही. मिलवाल्याला एकच कळतं, एकाने साचा बंद करा म्हटलं की कोणाचा तरी हात अडकलाय.

हजारो माणसं माझ्यासमोरून गेली आणि आवाज फक्त चपलांचा. काहींनी त्याही काढून हातात घेतल्या. अर्धा तास. मी ताठ उभी होते, हात खाली घ्यायचं विसरले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पाहिलंय, प्लेग पाहिला, संप पाहिले, गेल्या साली गोळीबार पाहिला. एवढं मोठं काही पाहिलं नाही.

नाका ओलांडल्यावर लांबून पुन्हा घोषणा उठली. मी आत धावले. चंपा झोपली होती. श्वास चालू होता. दुर्गा सिस्टर खिडकीचं घोंगडं धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या, आवाज न करता.

२३ मार्च

चंपा जागी झाली. डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले, खात्यात हलवतात तसे. “पाणी.” मी चमच्याने दिलं. मग पुन्हा ओठ हलवले. काय विचारलं ते मला कळलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिने डोळे मिटले. जगदीश पायाशी बसला होता, त्याने तिचे पाय धरले. सूज उतरली आहे.

९ एप्रिल

चंपा घरी आहे, भिंत धरून चालते. मी कामावर रुजू झाले. नलूताईंना मुलगा झाला. सात पौंड, गोरापान, आवाज खणखणीत. आज त्याला मी न्हाऊ घातलं. दुसऱ्या कोणाला देऊ का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. पोराने काय केलंय? त्याच्या टाळूवर तेल घालताना हात थोडा थांबला, तेवढंच. नलूताई सगळं ऐकून होत्या. म्हणाल्या, “जाईबाई, चंपाचं नि माझं दुखणं एकच होतं ना?” मी हो म्हटलं. सासूबाईंनी मला आज पाणी मागितलं. मी दिलं. त्यांनी घेतलं. चव तीच लागली असावी.

मग बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, पेटी रविवारी मला द्या. त्या म्हणाल्या, “तू काय करणार तिचं? फुटली तर?” मी म्हटलं, आमच्या चाळीत ह्या घडीला नऊ बाया पोटुशा आहेत. एकीच्याही दंडाला ते फडकं लागलेलं नाही. म्हणून तर मला वाटत होतं, आमच्यात दाब नसतो.

बाईंनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाल्या, “पेटी देणार नाही.” मी निघाले, तर मागून म्हणाल्या, “मी येते.”

२८ एप्रिल

आल्या. आमच्या खोलीत, उलट्या टोपलीवर बसल्या. बाहेर नऊ बाया ओळीने. बायांना वाटलं रक्त काढणार, म्हणून आधी मी माझा दंड पुढे केला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो पारा माझ्यासाठी चढला. कानात नळ्या घालून बाई म्हणाल्या, “काही ऐकू येत नाही गं.” कसं येणार? नळावर भांडण, पलीकडे रेडिओ, जिन्यावर पोरं.

मी गॅलरीत जाऊन तोंड उघडणार, तेवढ्यात दारात बसलेली चंपा उठली. भिंत धरून कठड्यापर्यंत गेली आणि समोरच्या गॅलरीकडे बघून तळहात खाली दाबला. समोरच्यांनी खाली केला. खालच्यांनी नळाकडे केला. रेडिओ बंद झाला.

त्या गप्प चाळीत बाईंनी एकेक दंड मोजला. आकडे मी ह्याच डायरीत लिहिले, गुबगुबीत बाईच्या वरच्या जागेत, बायांच्या नावासमोर. आठ जणी बऱ्या निघाल्या. शेवटी ललिता. चौथं पोर, सातवा महिना. फडकं बांधून घेताना हसत होती, म्हणाली, “माझ्यात काय सापडणार, चुलीपुढची राख?” पारा चढला आणि उतरायच्या आधीच बाईंनी माझ्याकडे बघितलं. पाय दाबले. खळगा.

ललिताने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवलं असणार, लिंबंसुद्धा. मी तिला काही बोलले नाही, एरवी सोडली नसती. नुसतं सांगितलं, मीठ आजपासून बंद, उद्या सकाळी माझ्याबरोबर नाव घालायला यायचं.

संध्याकाळी भिवा विचारायला आला, सकाळी हातगाडी आणू का.

नको म्हटलं. ती अजून स्वतःच्या पायांनी चालते आहे.